सही एकाची, बदली घराची

परदेशी पोस्टिंगचं असाइनमेंट लेटर चांगलं आठ-दहा पानांचं असतं. पगार कुठल्या चलनात मिळणार, घरभाडं किती युरोपर्यंत मंजूर, सामान किती किलो नेता येणार, वर्षातून एकदा घरी येण्या-जाण्याचं तिकीट, विमा, कराचा सल्लागार कोण, हे सगळं त्यात कलमवार लिहिलेलं असतं. या लेखाच्या निमित्ताने पुण्या-पिंपरीतल्या काही कंपन्यांची अशी पत्रं वाचायला मिळाली. ज्यांची होती त्यांनी पगाराचे आकडे हाताने झाकून ती समोर धरली. पत्नी किंवा पतीचा उल्लेख तिकिटाच्या आणि विम्याच्या कलमात येतो, मुलांचा शाळेच्या फीच्या कलमात. आई-वडिलांचा कुठेच नाही. आणि परतीबद्दल शेवटच्या पानावर एखादं वाक्य: मुदत संपल्यावर कर्मचाऱ्याला उपलब्धतेनुसार योग्य पदावर सामावून घेतलं जाईल.

अशा पोस्टिंगवर जाऊन आलेल्या, सध्या तिकडे असलेल्या आणि जाण्याच्या तयारीत असलेल्या माणसांशी बोलताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की होत गेली. पोस्टिंग तांत्रिक कामापायी फसते असं फार क्वचित होतं. त्या कामात आपली माणसं सहसा कमी पडत नाहीत. कंपनी एका माणसाला पाठवते, भार सगळं घर उचलतं आणि निर्णयाच्या वेळी त्या घराला कुणी काही विचारलेलं नसतं. पुढे ज्या अडचणी ‘तुमचा वैयक्तिक प्रश्न’ म्हणून बाजूला सारल्या जातात, त्या मुळात कंपनीच्या नियोजनातल्या त्रुटी असतात.

पुण्याला हे येणं-जाणं नवं नाही. स्वीडनच्या सँडविक आणि अ‍ॅटलास कोप्को, जर्मनीची केएसबी या कंपन्या १९६०च्या सुमारास इथे आल्या. त्या काळात इथला इंजिनिअर दोन-तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला जायचा, सगळे नातेवाईक हार घेऊन सांताक्रूझला सोडायला जायचे, आणि तो ड्रॉइंग्ज आणि वह्या भरून परत यायचा. १९९५मध्ये मर्सिडीज-बेंझची गाडी पिंपरीत तयार होऊ लागली. २००९मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८पासून भगिनी-शहरं आहेत, आणि २०१५पासून महाराष्ट्र आणि स्टुटगार्टचं बाडेन-व्युर्टेंबर्ग या दोन राज्यांत भागीदारी आहे. आता माणूस जातो तो दोन-तीन वर्षांसाठी, जबाबदारीच्या पदावर, हाताखाली तिथलीच माणसं घेऊन. शिकायला जाणं वेगळं आणि चालवायला जाणं वेगळं. या जुन्या नात्यामुळे या लेखासाठी मी मुख्यतः पुणे-स्टुटगार्ट हीच वाट धरली.

चाकणला क्वालिटी सांभाळणारा एक मॅनेजर स्टुटगार्टजवळच्या सुट्या भागांच्या कारखान्यात गेला. काही आठवड्यांतच ग्राहकाकडून एक लॉट परत आला. चाकणला असं झालं की काय करायचं हे त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी सुपरवायझरना बोलवायचं, ‘उद्या सगळ्यांनी या, सॉर्टिंग संपवूनच घरी जाऊ’ म्हणायचं, चहा-वडापाव मागवायचा, रविवारी दुपारपर्यंत माल रवाना. स्टुटगार्टला त्याने शनिवारच्या शिफ्टबद्दल विचारलं तेव्हा कळलं की जादा कामाला बेट्रीब्सराटची, म्हणजे कामगारांनी निवडून दिलेल्या मंडळाची संमती लागते. शिफ्टच्या वेळा, ओव्हरटाइम, माणसांच्या कामावर नजर ठेवू शकेल असं कुठलंही सॉफ्टवेअर किंवा कॅमेरा, या बाबतींत त्या मंडळाला कायद्याने सहनिर्णयाचा हक्क आहे. शिवाय कामाच्या तासांचा कायदा: दिवसाला आठ तास, फार तर दहा, तेही पुढच्या काही महिन्यांत सरासरी आठवर आणून, आणि एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवशीचं सुरू होईपर्यंत सलग अकरा तासांची विश्रांती. अगदी वरच्या अधिकाऱ्यांना हा कायदा लागू नाही, पण ज्यांच्याकडून काम करून घ्यायचं त्या बहुतेक सगळ्यांना आहे. रात्री साडेअकराला कुणाला कामाला लावून सकाळी सातच्या मीटिंगमध्ये उत्तर मागायचं, ही आपल्याकडची रोजची रीत तिथे कायदा मोडणारी ठरू शकते.

जाण्यापूर्वी त्याला दोन दिवसांचं ‘कल्चर ट्रेनिंग’ मिळालं होतं. वेळेवर कसं पोहोचावं, हस्तांदोलन कसं करावं, जेवणाच्या टेबलावर काय बोलू नये, हे त्यात होतं. बेट्रीब्सराटचं नावही नव्हतं. मला याचा राग येतो. ज्या माणसाला कारखाना चालवायला पाठवतो आहोत, त्याला त्या देशाचा कामगार कायदा चार तास बसवून शिकवणं काही अवघड नाही. ते न करता त्याला तिथे उघडं पाडायचं आणि मग अप्रेझलमध्ये ‘स्थानिक टीमशी जुळवून घेण्यात कमी पडला’ असं लिहायचं, हा सरळ अन्याय आहे.

त्याहून सूक्ष्म अडचण कामाची खबर देण्याची. आपल्याकडे ठरलेली तारीख चुकणार हे हाताखालच्या माणसाला आठवडाभर आधी कळलेलं असतं, पण तो साहेबांना सांगत नाही. शेवटच्या दिवसापर्यंत जीव तोडून प्रयत्न करतो आणि पुष्कळदा वेळेत करूनही दाखवतो. त्या प्रयत्नाला आपण मान देतो. तिथे आधी सांगणं हे कर्तव्य, आणि न सांगता शेवटी धावपळ करणं ही फसवणूक मानली जाते. मीटिंगमध्ये वीस वर्षांचा अनुभव असलेला फोरमन सगळ्यांसमोर नव्या मॅनेजरला शांतपणे सांगतो, ‘हा प्लॅन चुकीचा आहे, कारण असं असं.’ आपल्या माणसाला तो अपमान वाटतो, रात्रभर झोप येत नाही. दुसऱ्या दिवशी तोच फोरमन कॉफी घेऊन त्याच्या टेबलाशी येतो आणि त्याच प्लॅनवर काम करायला बसतो. हे पचायला वेळ लागतो. ज्यांना पचलं ते सांगतात की परतल्यावर आपल्याकडचं मौन जास्त जड गेलं.

आणि मग दोन साहेब. एक तिथला, एक पुण्यातला. तिथली संध्याकाळ म्हणजे पुण्यातली रात्र, फरक उन्हाळ्यात साडेतीन तासांचा आणि हिवाळ्यात साडेचार; त्यामुळे सकाळी उठल्याबरोबर पुण्याचे फोन सुरू. ‘तू आहेस ना तिथे, जरा बघ ना,’ असं म्हणत जे काम मेलने व्हायचं ते त्याच्या गळ्यात. तिथल्यांना वाटतं हा पुण्याचा वकील, पुण्याला वाटतं हा आता त्यांच्यातला झाला. एकीकडून डिझाइन बदलाची मंजुरी अडलेली, दुसरीकडून डिस्पॅच अडलेला, मध्ये हा. दोन्ही बाजूंचा राग पोटात घेऊन त्यातून वाट काढणं हेच त्याचं खरं काम असतं, आणि ते त्याच्या केआरएमध्ये, म्हणजे कामाच्या ठरलेल्या उद्दिष्टांत, कुठेही लिहिलेलं नसतं.

हेच उलट्या दिशेनेही होतं. पुणे परिसरात जपानी, कोरियन, जर्मन अधिकाऱ्यांची मोठी वस्ती आहे. जपानी मॅनेजर पुष्कळदा एकटा येतो. मुलांच्या शिक्षणात खंड नको म्हणून बायको-मुलं जपानमध्ये राहतात. पूर्णवेळ जपानी शाळा इकडे मुंबईत आहे, आणि तिकडच्या प्रवेशपरीक्षांची चढाओढ चुकवता येत नाही. या प्रथेमागे कंपनीचा बदली करण्याचा हक्क आहे, आणि त्या हक्कामागे त्यांचं सर्वोच्च न्यायालय. १९८६च्या तोआ पेंट खटल्यात वयस्कर आई, नोकरी करणारी बायको आणि लहान मूल अशी कारणं देऊन कोबेहून नागोयाला जायला नकार देऊन बडतर्फ झालेल्या कर्मचाऱ्याची बदली न्यायालयाने वैध ठरवली. घराला होणारी अशी गैरसोय नोकरदाराने सोसायचीच असते, असा त्याचा आशय. नंतर कायदा थोडा मऊ झाला. बदली करताना लहान मुलांची आणि वृद्धांची काळजी कोण घेणार याचा विचार करणं मालकावर बंधनकारक झालं. पण चाकण-तळेगावच्या शॉप फ्लोअरवर उभा असलेला तो पन्नाशीचा गृहस्थ आठ मजल्यांच्या सोसायटीत रात्री एकटाच जेवतो, हे खरं आहे.

त्याला सांभाळून घेतं कोण? बऱ्याचदा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा एखाद्या खाजगी क्लासमध्ये जपानी शिकलेली, जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या वरच्या पातळ्या पार केलेली पुण्याची मुलगी. कागदावर ती दुभाषी असते. प्रत्यक्षात डॉक्टरची अपॉइंटमेंट, घरमालकाशी भांडण, परदेशी नागरिकांच्या नोंदणीचे (एफआरआरओ) कागद, आणि चिडलेल्या युनियन लीडरचं बोलणं साहेबांपर्यंत नेमक्या कुठल्या तापमानाला पोहोचवायचं याचा निर्णय, हे सगळं तिच्याकडे. तीस वर्षं हे काम केलेल्या एका बाईंनी मला सांगितलं की दोन्हीकडचे लोक भडकले की त्या मुद्दाम हळू बोलतात, म्हणजे मधल्या वेळात माणसं निवतात. कित्येक पोस्टिंग अशा बायकांनी तारून नेल्या आहेत, आणि त्यांचा हुद्दा मात्र अनेक ठिकाणी वर्षानुवर्षं ‘असिस्टंट’च्या पुढे गेलेला नाही.

घराकडे वळू. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला रोझाली तुंग या अभ्यासिकेने अमेरिकन, युरोपीय आणि जपानी कंपन्यांना विचारलं की तुमची माणसं परदेशातून मुदतीआधी का परततात. अमेरिकन कंपन्यांच्या यादीत पहिलं कारण होतं जोडीदाराला तिथे जुळवून घेता न येणं. जपानी कंपन्यांत ते बरंच खाली होतं. तिथे वरचं कारण मोठी जबाबदारी न पेलणं. त्यानंतर ‘इतके टक्के पोस्टिंग फसतात’ असे मोठमोठे आकडे व्यवस्थापनाच्या पुस्तकांत फिरत राहिले. अ‍ॅन-विल हार्झिंग यांनी १९९५मध्ये ते मुळापर्यंत तपासून दाखवलं की त्यांतल्या बऱ्याच आकड्यांना धड आधारच नाही, एकाने दुसऱ्याचं उद्धृत करत ते मोठे झाले. तेव्हा टक्केवारी सोडून देऊ. पण तुंग यांच्या यादीतलं पहिलं कारण आजही पुण्यातल्या घराघरांत तसंच दिसतं, फक्त ‘जुळवून घेता न येणं’ हे त्याचं चुकीचं वर्णन आहे असं माझं मत झालं आहे.

कोथरूडला स्वतःचं क्लिनिक चालवणारी एक डेंटिस्ट. नऊ-दहा वर्षांची प्रॅक्टिस, नेहमीचे पेशंट, खुर्चीचं कर्ज नुकतंच फिटलेलं. नवऱ्याला स्टुटगार्टची तीन वर्षांची पोस्टिंग आली. क्लिनिक एका ज्युनिअरला चालवायला दिलं आणि ती गेली. जर्मनीचा नियम तसा उदार आहे: कंपनीतर्फे आलेल्याच्या किंवा ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला काम करायला आडकाठी नाही. पण दंतवैद्यकी हा परवान्याचा व्यवसाय. आधी पदवीची समकक्षता तपासली जाणार, त्यासाठी अभ्यासक्रमाचे तास विषयवार सिद्ध करायचे, प्रत्येक कागदाचं शपथेवरचं भाषांतर. जर्मन भाषेची बी-टू पातळी, त्यावर वैद्यकीय भाषेची वेगळी परीक्षा सी-वनच्या तोडीची. पुण्याहून निघताना तिचं ए-वन झालेलं होतं. समकक्षतेत कमी पडलं तर ज्ञानचाचणी. हे सगळं नेटाने केलं तरी तीनातली दोन वर्षं सहज जातात. तिचा परवाना हाताशी आला तेव्हा नवऱ्याच्या परतीची बोलणी सुरू झाली होती.

मधली दोन वर्षं कशी गेली? घर मिळालं ते स्वयंपाकघराशिवाय. तिकडे भाड्याच्या घरात ओटा, सिंक, दिवेसुद्धा भाडेकरूने आणायचे, असं पुष्कळ ठिकाणी असतं. तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत डिपॉझिट. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत नोंद करायची, ती नसेल तर पुढचं काहीच हलत नाही. रविवारी दुकानं बंद, रात्री दहानंतर शांतता. याची सवय लागते, त्यात विशेष काही नाही. सवय लागत नाही ती दुसऱ्या गोष्टीची. पुण्यात तिला ‘डॉक्टर’ म्हणून हाक मारणारी शंभर माणसं होती. तिथे बालवाडीच्या दारात ती अमक्याची आई, नवऱ्याच्या ऑफिस पार्टीत तमक्याची बायको. सासूबाई फोनवर मनापासून म्हणाल्या, “अगं, इतकी वर्षं धावपळ केलीस, आता जरा आराम कर.” ती म्हणाली, “आई, आरामच तर होत नाहीये.” त्यापुढे दोघी बराच वेळ बोलल्या नाहीत, आणि त्या एका फोननंतर आमचं नातं सुधारलं, असं तिने मला सांगितलं.

जर्मनी निदान दार उघडं ठेवते. अमेरिकेत एच-वन-बीवर गेलेल्याच्या जोडीदाराला एच-फोरवर सरसकट कामाची परवानगी नाही. ग्रीन कार्डच्या रांगेत ठरावीक टप्पा गाठला असेल तरच, तीही २०१५च्या नियमामुळे. कंपनीअंतर्गत बदलीच्या एल-वनवाल्यांच्या जोडीदारांना मात्र २०२१च्या अखेरीपासून वेगळ्या परवान्याची गरज उरली नाही. जपानमध्ये आठवड्याला २८ तासांची मर्यादा. सिंगापूरने १ मे २०२१पासून डिपेंडंटना स्वतःचा वेगळा वर्क पास काढायला लावलं. म्हणजे कुठल्या व्हिसावर पाठवायचं हे कंपनीच्या लीगल विभागाने ठरवलं की एका बाईचं, हल्ली काही घरांत एका पुरुषाचं, पुढच्या काही वर्षांचं करिअर ठरून जातं. त्या निर्णयाच्या वेळी ती व्यक्ती खोलीत नसते.

मुलांचं पालकांना वाटतं त्यापेक्षा बरं चालतं, वय लहान असेल तर. बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये प्राथमिक शाळा चार वर्षांची. चौथीनंतर कुठल्या प्रकारच्या शाळेत जायचं हे ठरतं, आणि गिम्नाझियुमला जाण्याइतकं जर्मन त्या वेळी आलेलं असावं लागतं. नऊ-दहा वर्षांचं मूल घेऊन जाणाऱ्यांनी हे आधी माहीत करून घ्यायला हवं. खरी ओढाताण परतताना होते. महाराष्ट्रात २०२०च्या कायद्याने पहिली ते दहावी सगळ्या शाळांत मराठी सक्तीची आहे. घरात मराठी बोलणारं पण कधी न लिहिलेलं आठवीतलं मूल एकदम त्या बाकावर येऊन बसतं, आणि शेजारचा मुलगा सहावीपासून फाउंडेशनच्या क्लासला जात असतो.

कराचं आणि पीएफचं थोडक्यात सांगते, कारण त्याला सल्लागार मिळतात. नोकरीसाठी परदेशी जाणारा भारतीय आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिला तर रहिवासी ठरतो. म्हणून एप्रिलपासून इथेच असलेला माणूस २८ सप्टेंबरपर्यंत निघाला तर त्या वर्षी अनिवासी, दोन दिवसांनी निघाला तर रहिवासी, आणि मग जगभरातल्या उत्पन्नाचा हिशेब इथे द्यायचा. जाण्याची तारीख ठरवताना हा विचार कंपनी स्वतःहून करेलच असं नाही. जर्मनीशी आपला सामाजिक सुरक्षेचा सर्वंकष करार १ मे २०१७पासून लागू आहे. ईपीएफओकडून दाखला घेतला की इथला पीएफ चालू राहतो आणि तिथली वर्गणी ठरावीक काळ भरावी लागत नाही. अमेरिकेशी असा करार नाही. तिथे पगाराच्या ६.२ टक्के सोशल सिक्युरिटीत जातात, तेवढेच मालकाचे. पेन्शनचा हक्क मिळायला साधारण दहा वर्षांची वर्गणी लागते, आणि एच-वन-बीची नेहमीची मुदत सहा वर्षांची. परत येणाऱ्यांचे ते पैसे तिथेच राहतात. आपल्या सरकारने ही मागणी वर्षानुवर्षं लावून धरली आहे, आणि ती न्याय्य आहे.

नियम कधी बदलतील याचाही भरवसा नाही. १९ सप्टेंबर २०२५ला अमेरिकेने एच-वन-बीच्या अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं. आपल्याकडे शनिवार उजाडला होता, सर्वपित्री अमावास्या दुसऱ्या दिवशी, घटस्थापना सोमवारी. सुट्टीवर आलेल्या माणसांना कंपन्यांचे मेल गेले की मिळेल त्या विमानाने परत या. शुल्क नव्या अर्जांनाच आहे हा खुलासा यायच्या आत कित्येकांनी दुप्पट-तिप्पट पैसे मोजून तिकिटं काढली होती. वडिलांचं श्राद्ध अर्ध्यावर टाकून निघावं लागतंय की काय, अशा अवस्थेत बॅग भरणाऱ्या माणसाची तगमग कुठल्या धोरणात बसवणार?

आई-वडिलांबद्दल बोलताना सगळ्यांचे आवाज बदलतात. २०२०च्या मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय विमानं थांबली, मे महिन्यात वंदे भारतच्या उड्डाणांनी अडकलेल्यांना आणायला सुरुवात झाली, आणि नियमित सेवा पूर्ववत व्हायला २०२२चा मार्च उजाडला. त्या काळात किती मुलांनी अंत्यसंस्कार मोबाइलच्या पडद्यावर पाहिले. ज्यांनी पाहिले त्यांच्यापैकी एकजण, आता पुण्यात परतलेला, मला म्हणाला की त्यानंतर कंपनीचा प्रत्येक मेल वाचताना आधी मनात येतं की हे सांगणारे त्या दिवशी कुठे होते. साथ ओसरली, पण रोजचे प्रश्न तेच आहेत. आईला पडल्यावर कोण उचलणार? सोसायटीच्या वॉचमनकडे किल्ली, समोरच्या काकूंकडे डॉक्टरचा नंबर, बहीण नाशिकला असेल तर तिच्या जिवावर सगळं. पोस्टिंगवरच्या भावाचं कौतुक होत असताना इथे राहिलेल्या बहिणीची रजा संपत असते. एका कंपनीने अलीकडे आई-वडिलांच्या आजारपणासाठी वर्षाला दोन तातडीची तिकिटं आणि पुण्यात घरी जाऊन बघणाऱ्या परिचारिकेची सोय सुरू केली आहे. खर्च असाइनमेंटच्या एकूण खर्चाच्या मानाने नगण्य आहे. बाकीच्यांनी ती का करू नये, याचं पटण्याजोगं उत्तर मला एकाही एचआर प्रमुखाकडून मिळालं नाही.

आता परतणं. १९९९मध्ये ब्लॅक आणि ग्रेगरसन या दोघांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये लिहिलं होतं की पोस्टिंग पूर्ण करून आलेल्या अमेरिकन मॅनेजरांपैकी सुमारे चौथा हिस्सा वर्षभरात कंपनी सोडून जातो, पुष्कळदा थेट प्रतिस्पर्ध्याकडे. पुण्यात आकडे कुणी देत नाही, पण गोष्ट घरोघरी ऐकू येते. आधी ज्याचा उल्लेख केला तो क्वालिटी मॅनेजर तीन वर्षांनी परतला. त्याच्या जागेवर त्याचाच जुना ज्युनिअर बसलेला. ज्या साहेबांनी पाठवलं ते कंपनी सोडून गेलेले. याला ‘स्पेशल प्रोजेक्ट्स’ असं पद मिळालं, हाताखाली कुणी नाही, केबिन जिन्याशेजारी. स्टुटगार्टला कुठल्या माणसाला कधी फोन केला तर मंजुरी दोन दिवसांत निघते हे आख्ख्या चाकणमध्ये त्याला माहीत होतं. ते कुणी विचारलं नाही. पहिल्या महिन्यात त्याने वेंडरकडून येणाऱ्या मालाच्या तपासणीबद्दल एक टिपण लिहून दिलं. वरून उत्तर आलं की इथे जर्मनी करू नका. सकाळी तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये तास-दीड तास, घरी मुलगी नव्या शाळेत रडवेली, बायकोचं क्लिनिक आता त्या ज्युनिअरचं झालेलं. ती डेंटिस्ट त्याचीच बायको. दोघांनी मिळून जो त्याग केला त्याचा उपयोग ना कंपनीला झाला ना घराला. आठव्या महिन्यात त्याने राजीनामा दिला. आज तो दुसऱ्या कंपनीत तेच ज्ञान वापरतो आहे, चांगल्या पगारावर, आणि ती बाणेरला नव्याने प्रॅक्टिस उभी करते आहे. पहिल्या कंपनीने त्याच्यावर खर्च केलेले पैसे अक्षरशः पाण्यात गेले.

हे टाळणं अवघड नाही. परतीच्या सहा महिने आधी पद ठरवावं. पुण्यातला एक वरिष्ठ सुरुवातीपासून नेमलेला असावा, तो बदलला तर दुसरा. आल्यावर पहिल्याच महिन्यात परतलेल्याचं ऐकून घेणारी एक बैठक व्हावी, ज्यांना निर्णय घेता येतात अशांची. काही कंपन्या हे करतात, आणि त्यांची माणसं टिकतात.

स्वतः पोस्टिंगवर जाणाऱ्या बायकांची गोष्ट याहून वेगळी आणि जास्त आशादायक आहे. कॅनडाच्या नॅन्सी अ‍ॅडलर यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिलं होतं की बायकांना परदेशी जबाबदारी नको असते हा निव्वळ समज आहे. हिंजवडीत बॅटरी सिस्टिमवर काम करणाऱ्या एका प्रोग्रॅम मॅनेजरला यंदा स्टुटगार्टची पोस्टिंग देऊ केली, तेव्हा एचआरने पहिला प्रश्न केला, “मॅडम, घरी विचारलंय ना?” तिच्याबरोबर निवडलेल्या दोन पुरुषांना तो विचारला नव्हता. तिला आधी संताप आला. मग तिने तो प्रश्नच हातात धरला. हो, घरी विचारायलाच हवं, आणि ते तिघांच्याही घरी विचारायला हवं, असं म्हणून ती नवऱ्याला घेऊन पुढच्या बैठकीला गेली. तो इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. दोघांनी लेखी मागण्या दिल्या: निघण्याआधी त्याच्या जर्मनच्या वर्गांचा आणि पदव्या तपासून घेण्याचा खर्च कंपनीने करावा, चारही आई-वडिलांसाठी तातडीची तिकिटं मिळावीत, परतल्यावर तिचा ग्रेड आणि विभाग आताच ठरावा. बरोबरच्या दोन्ही पुरुषांनी ती यादी मागून घेतली आणि आपापल्या नावाने दिली. भाषेचा खर्च आणि तिकिटं तिघांनाही मंजूर झाली आहेत. परतीच्या पदाबद्दल लेखी द्यायला कंपनीने जानेवारीपर्यंत वेळ मागितला आहे, आणि तो कागद हातात आल्याशिवाय व्हिसाचा अर्ज भरायचा नाही असं तिघांनी ठरवलं आहे.